कवळी चुकली की मी?

पत्र सातारा जिल्ह्यातून आलं आहे. लिहिणारे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत, वय ६९. दोन पानं पाठपोट भरली आहेत आणि अक्षर वेबिल लिहिल्यासारखं नेटकं आहे. थोडक्यात मजकूर असा:

‘हिरड्या खराब होऊन दात हलायला लागले. उरलेले नऊ दात गेल्या श्रावणात काढले आणि तीन महिन्यांनी दोन्ही कवळ्या बसवल्या. आज बावीस दिवस झाले. वरची बरी आहे. खालची मात्र बोलताना उचलते, जेवताना तिच्याखाली कूट जातं, आणि डावीकडे आतल्या बाजूला एका जागी असं टोचतं की डोळ्यांत पाणी येतं. स म्हटला की शिट्टी वाजते, नात हसते. परवा पुतण्याच्या लग्नात पंगतीला बसलो. दोन घास खाल्ले, उठलो, हात धुवायच्या जागी कवळी काढली आणि रुमालात गुंडाळून खिशात टाकली. तेव्हापासून ती डब्यात आहे. बायको म्हणते, एवढे पैसे घालून तोंड बोळकं ते बोळकंच. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो इम्प्लांट करू. त्याला खर्चात घालायचं जिवावर येतं. घरात कानस आहे, टोचतं तिथे जरा घासून बघू का? आणि खरं सांगा, कवळी चुकली की मी? (तंबाखू आता जवळपास सुटली आहे.)’

मास्तर, आधी ती कानस जागेवर ठेवून या. गाडीत लोक तुम्हाला मास्तरच म्हणत असणार, म्हणून मीही म्हणते.

कानशीचा मोह मला कळतो. टोचणारी जागा जिभेला बरोबर सापडते, मग वाटतं, एवढंसं तर घासायचंय. पण जखम असते हिरडीवर आणि घासायचं असतं कवळीला. ही दोन्ही ठिकाणं नेमकी जुळवणं आरशात बघूनही जमत नाही. तुम्ही अंदाजाने घासणार आणि भलतीच कड उडणार. खालची कवळी तर त्या कडांच्याच जिवावर बसलेली असते. डॉक्टर काय करतात, तर कवळीला आतून एक पांढरी पेस्ट लावून ती तोंडात दाबतात. जिथली पेस्ट पुसली जाते तिथे दाब जास्त. मग तेवढीच जागा, नखाच्या टोकाएवढी, मशीनने घासून गुळगुळीत करतात. पाच-दहा मिनिटांचं काम. कवळी हातात दिली म्हणजे काम संपलं असं आम्हा दंतवैद्यांतही कुणी समजत नाही. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग लागेल तसं दोन-तीनदा पेशंट परत येणार हे धरलेलंच असतं. या बावीस दिवसांत तुम्ही किती वेळा दाखवायला गेलात, ते काही पत्रात दिसलं नाही. एकदाही नाही, असा माझा अंदाज. चुकला असेल तर माफ करा.

आणि जाताना डबा घेऊन जाऊ नका. आराम मिळून बरी झालेली हिरडी आणि डब्यातली कोरडी कवळी बघून डॉक्टर तरी काय सांगणार? आदल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ घाला आणि जायच्या दिवशी निदान तीन-चार तास तोंडात ठेवूनच दवाखान्याची पायरी चढा. दुखेल, पण लाल ठिपका दिसायला हवा.

आता तुमचा खरा प्रश्न. मी पेशंटना एक साधी वाटणी सांगत आले आहे. जे दुखतंय, टोचतंय, सोलतंय ते डॉक्टरांचं काम, ते घरी सोसत बसायचं नाही. जे उचलतंय, अडतंय, परकं वाटतंय ते पहिले सहा-आठ आठवडे तुमचं काम, ते रोज गिरवायचं. तुमचं या दोन्हींचं कालवण झालं आहे. टोचतं म्हणून तुम्ही कवळी काढलीत, काढली म्हणून सवय झाली नाही, आणि सवय नाही म्हणून ती उचलते.

त्यातही खालचीच का छळते, त्याला कारण आहे. वरच्या कवळीला अख्खी टाळू मिळते. ओल्या फरशीवर काच ठेवली की ती सहज सुटत नाही, तशी ती लाळेच्या पातळ थरावर चिकटून राहते. खालच्या कवळीचं नशीब तसं नाही. ती घोड्याच्या नालेसारखी, आणि मधल्या जागेत जीभ, दिवसभर वळवळणारी. वरच्या कवळीला टेकायला साधारण २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, तर खालचीला जेमतेम १२. शिवाय दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं आणि खालचं वरच्यापेक्षा कितीतरी जास्त झिजतं. तेव्हा ‘वरची बरी आहे, खालची उचलते’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की ते कवळीच्या खोक्यावरच छापून द्यावं.

हे मी नुसतं पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या स्वतःच्या खालच्या दाढांच्या जागी चार वर्षांपासून पार्शल कवळी आहे. तीस वर्षं लोकांच्या तोंडात कवळ्या बसवल्यावर ती माझ्या तोंडात आली, आणि पहिल्याच आठवड्यात मी ती दोनदा काढून पर्समध्ये टाकली. एकदा तर बँकेच्या रांगेत. तुमचा रुमाल आणि माझी पर्स, फरक काही नाही.

खालची कवळी बसवून ठेवायची मेख जिभेत आहे. नवीन माणूस नकळत जीभ मागे ओढून घेतो, जणू तोंडात पाहुणा आलाय आणि आपण भिंतीला लागून उभे आहोत. जीभ मागे गेली की पुढून हवा शिरते आणि कवळी सुटते. आरशासमोर बसा, तोंड थोडं उघडा आणि जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांना आतून हलकं टेकवून ठेवा. ढकलायचं नाही, नुसतं टेकवायचं. टीव्हीसमोर बसल्या बसल्या हे करता येतं. पंधरा दिवसांत जीभ आपसूक तिथे राहायला लागते. गालही आपलं काम शिकतात, पण ते सांगून होत नाही, घालून फिरल्यावर होतं.

जेवणाचं मात्र सविस्तर सांगते, कारण पंगतीतून उठावं लागणं मला लागलं.

नव्या चपला घालून कुणी थेट पंढरीची वाट धरत नाही. तुम्ही मात्र टोचणाऱ्या कवळीनिशी लग्नाच्या पंगतीला बसलात. मसालेभात, जिलबी, शेजारी व्याही आणि पुढे वाढपी घाईत. तिथे माझीही कवळी खिशात गेली असती. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये पदावर बसले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्या पाणघोड्याच्या दातांच्या आणि माणसांच्या दातांच्या असत, वरची नि खालची स्प्रिंगने जोडलेल्या. तोंड मिटून ठेवायलाच जोर लागायचा. तुमच्या गुलाबी प्लॅस्टिकची सोय १९३० च्या दशकातली. तेव्हा तक्रार जरूर करा, पण लाजू नका.

पहिले आठ दिवस एकट्याने जेवा, किंवा फक्त घरच्यांबरोबर. मऊ भात आणि वरण, खिचडी, आमटीत कुस्करून भिजवलेली भाकरी, उकडलेलं अंडं, पिकलेलं केळं. घास नेहमीच्या निम्मा. आणि मुख्य गोष्ट, दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं. आपण जन्मभर एका बाजूने चावत असतो, कवळीला ते चालत नाही. फळीच्या एका टोकावर पाय दिला की दुसरं टोक वर येतं, तसंच. थोडा घास उजवीकडे, थोडा डावीकडे, आणि सरळ वरखाली. पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. पेरू, कणीस, जाड भाकरीचा काठ हे सगळं आधी हाताने किंवा सुरीने बारीक करायचं. वेळ लागेल. कवळीची चावायची ताकद आपल्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकीच असते, हे एकदा मनाने घेतलं की चिडचिड कमी होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चपाती, शिजलेल्या भाज्या, मऊ मटण. कंदी पेढा खुशाल खा. गुळाची चिक्की आणि भाजणीची कडक चकली मात्र नातीला द्या.

कुटाचं काय करायचं? साताऱ्याकडे कूट नाही अशी भाजी शोधावी लागते, मला कल्पना आहे. महिनाभर घरात सांगा की एक तर कूट अगदी बारीक करा, नाहीतर तुमच्या वाटीत नको. तीळ, खसखस, वांग्याच्या बिया यांचीही तीच गत. तरी जाणारच. जेवण झालं की मोरीत जाऊन कवळी काढायची, नळाखाली धरायची, चूळ भरायची, परत घालायची. अर्धा मिनिट. हे आयुष्यभराचं आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

चहाचं एक लक्षात ठेवा. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे चहा किती गरम आहे ते घोट घशात पोचल्यावर कळतं. पहिला घोट ओठाला लावून बघा.

शिट्टीचं आता. तुम्हाला वर्तमानपत्र मोठ्याने वाचा असं सांगायचं माझ्या मनात होतं, तेच आम्ही सगळ्यांना सांगतो. मग लक्षात आलं की तुमच्याकडे त्याहून चांगला पाठ तयार आहे. रोज संध्याकाळी कवळी घालून अंगणात उभे राहा आणि गाडी सोडा: सातारा, पाचवड, भुईंज, सुरूर, खंडाळा, शिरवळ, कापूरहोळ, खेड शिवापूर, कात्रज, स्वारगेट. यात स आहे, श आहे, पाचवडचा च आणि कात्रजचा ज आहे. कवळीला जे जे अवघड ते बहुतेक सगळं या एका रस्त्यावर आहे. आधी हळू, एकेक थांबा सुटा घेऊन, मग नेहमीच्या ठसक्यात. परतीची फेरीही करा. त्यानंतर एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत आकडे. सहासष्ट आणि सदुसष्ट नीट आले की निम्मं जिंकलं. नातीला प्रवासी करा. ज्या थांब्याचं नाव कळलं नाही तिथे ती उतरणार नाही, असा नियम ठेवा. हसेल ती, हसू द्या.

सहा आठवड्यांनीही शिट्टी राहिली, तर वरच्या पुढच्या दातांच्या मागची जाडी डॉक्टरांना कमी-जास्त करता येते. आणि बोलताना वरचे-खालचे दात एकमेकांवर टकटक आपटत असतील तर तेही सांगा. कवळीची उंची जास्त झालेली असू शकते, आणि ती कुणाच्या सरावाने कमी होत नाही.

इम्प्लांट, म्हणजे दातांना आधार द्यायला जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू. मुलाचं म्हणणं चूक नाही, फक्त घाईचं आहे. आधी टोचणारी जागा नीट करून घ्या आणि सहा-आठ आठवडे कवळी प्रामाणिकपणे वापरा. तरीही हिरडी फार सपाट झाल्यामुळे खालची तरंगतच राहिली, तर मग विचार करा. आणि तेव्हाही सगळे दात स्क्रूवर बसवायची गरज नाही. खालच्या जबड्यात पुढच्या भागात दोन इम्प्लांट घालतात आणि कवळी त्यांच्यावर टिचबटणासारखी टक्कन बसते, हवी तेव्हा काढता येते. पूर्ण बोळक्या खालच्या जबड्यासाठी निदान एवढी सोय पहिली निवड असावी, असं २००२ मध्ये मॉन्ट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने म्हटलं होतं. बऱ्याचदा आहे तीच कवळी त्यासाठी वापरता येते, म्हणजे तुमचे आधीचे पैसे पाण्यात जात नाहीत. सहा-आठ इम्प्लांटच्या तुलनेत हा खर्च बराच कमी. मात्र त्याआधी साखर तपासा, रक्त पातळ करायच्या किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेल्या गोळ्या-इंजेक्शनं चालू असतील तर सांगा (मनाने बंद करू नका), आणि तंबाखूबद्दल ‘जवळपास’ चालणार नाही. त्यावर शेवटी बोलते.

खर्चाची अडचण असेल तर मुंबईचं नायर दंत महाविद्यालय, मुंबई-नागपूर-छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं इथे कवळी आणि पुढची कामं खाजगीपेक्षा बऱ्याच कमी पैशांत होतात. विद्यार्थी करतात, वर शिक्षक बघतात. फेऱ्या जास्त पडतात, हे मात्र धरून चाला. ज्यांचं उत्पन्न अगदीच तुटपुंजं आहे अशा साठीपुढच्या लोकांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. चष्मा, काठी, कानाचं यंत्र यांच्या यादीत कवळीही आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी.

चिकटवायची पावडर किंवा क्रीम मेडिकलमध्ये मिळते. लग्नासारख्या प्रसंगी चिमूटभर वापरायला माझी हरकत नाही. रोज डबीच्या डबी लागत असेल तर कवळी सैल झाली आहे आणि आतून अस्तर भरून घ्यायची वेळ आली आहे, असं समजायचं. दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात हिरडी सगळ्यात जास्त बसते, त्यामुळे ही वेळ तुमच्यावरही येईल. त्याला बिघाड म्हणू नका.

रात्री कवळी काढून झोपा. हिरडीला सहा-आठ तास मोकळी हवा हवी. चोवीस तास झाकून ठेवली तर टाळूवर बुरशी धरते, लाल होते, जळजळते. डबा ठीक आहे, पण त्यात साधं पाणी हवं, कोरड्यात ठेवू नका. धुताना मऊ ब्रश आणि अंगाचा किंवा भांड्यांचा साबण घ्या. टूथपेस्टने कवळीवर ओरखडे उठतात. खाली बादलीत पाणी ठेवून तिच्यावर धरून धुवा, म्हणजे हातातून सटकली तरी फुटणार नाही. उकळतं पाणी कधीही नाही. माझ्या एका पेशंटच्या सुनेने सासूबाईंची कवळी मायेने बाळाच्या बाटल्यांबरोबर उकळून काढली होती. ती माझ्याकडे आली तेव्हा उन्हात वाळलेल्या पापडासारखी वळली होती, आणि दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. आणि रुमाल! रुमालातली कवळी शेवटी धुण्याच्या बादलीत जाते. बाहेर जाताना छोटी डबी ठेवा.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं अजून व्हायचंय, त्यांच्यासाठी थोडं. सगळे दात काढायला उतावीळ होऊ नका. खालचे दोन सुळे जरी घट्ट असतील, तर ते ठेवून त्यांच्या आधाराने कवळी करता येते का, हे आवर्जून विचारा. त्या दोन मुळांमुळे हाड टिकतं. काहीच दात गेले असतील तर तारेच्या आकड्यांची साधी कवळी स्वस्त पडते. धातूची कास्ट कवळी पातळ नि मजबूत असते, माझं मत तिच्याकडे. वाकणाऱ्या प्लॅस्टिकची फ्लेक्सिबल कवळी दिसायला सुरेख, पण पुढे दुरुस्तीला आणि अस्तर भरायला त्रास देते. दुकानदारी भाषेत तिचं फार कौतुक होतं, तेवढ्यावर जाऊ नका. पूर्ण कवळीला पाच-सहा खेपा लागतात. माप घेताना तोंडात लवंगेच्या वासाची पेस्ट येईल, घाबरू नका, नाकाने श्वास घ्या. या खेपांमधली सगळ्यात महत्त्वाची ट्रायलची, मेणात दात लावून दाखवतात ती. त्या दिवशी घरचं माणूस आणि दात असतानाचा हसरा फोटो बरोबर न्या. रंग फार पांढरा नको, पुढे फट होती तर थोडी ठेवा, ओठ फुगलेला दिसतोय, काय बोलायचं ते त्या दिवशी बोला. मेण हलतं, प्लॅस्टिक झालं की हलत नाही.

आता, मास्तर, तुमचा तो कंस.

तंबाखू-चुना जिथे धरायची सवय असते त्याच खाचेत खालच्या कवळीची कड येते. तेव्हा दाखवायला जाल तेव्हा डॉक्टरांना गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग मुद्दाम बघायला सांगा. पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तोंड पूर्वीएवढं उघडतं का, हे त्यांना दोन मिनिटांत कळतं. डावीकडची ती टोचणारी जागा बहुतेक कवळीचीच आहे. पण कवळी घासून दिल्यावर ती दोन आठवड्यांत भरून यायला हवी. नाही आली, तर ‘नवीन कवळी आहे, चालायचंच’ असं म्हणून थांबू नका आणि डॉक्टरांनाही थांबू देऊ नका. तिथला बारीक तुकडा काढून तपासायचा का (बायॉप्सी), ते सरळ विचारा. कवळी घासून आणाल त्या दिवसावर कॅलेंडरमध्ये खूण करा आणि तिथून चौदा दिवस मोजा.